रूळ गेले, वाट राहिली

फ्रान्स आणि सायकल हे दोन शब्द एकत्र उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जुलै महिन्यातील ती विख्यात शर्यत उभी राहते. १९०३ साली सुरू झालेली ‘तूर द फ्रान्स’, अग्रणी स्पर्धकाच्या अंगावरील पिवळा सदरा, आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांतील दमछाक करणारे चढ, रस्त्याच्या दुतर्फा लोटलेला जनसमुदाय! परंतु त्याच देशात सायकलीचे आणखी एक जग नांदत आहे. तेथे हाती घड्याळ घेऊन कोणी उभे नसते, मोटारीचा कर्णा ऐकू येत नाही, आणि आजोबा व नातू जोडीने सायकल चालवीत गप्पा मारताना दिसतात. आजचे भाषण त्या निवांत वाटांविषयी आहे.

बर्गंडी प्रांतात, सोन नदीच्या पश्चिमेस, जिव्री नावाचे द्राक्षमळ्यांचे गाव आहे. तेथून दक्षिणेस क्लूनीपर्यंत ४४ किलोमीटर लांबीची एक वाट जाते. १९९७ साली ती लोकांसाठी खुली झाली. फ्रेंच लोक अशा मार्गाला ‘हिरवी वाट’ म्हणतात, आणि त्या देशातील हिरव्या वाटांत या वाटेला वडीलपणाचा मान आहे. २००४ सालापासून तर फ्रान्सच्या वाहतूक नियमांतच हिरव्या वाटेची व्याख्या आली आहे: इंजिनावाचून चालणारी वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखलेला मार्ग. द्राक्षमळ्यांच्या कडेने निघालेली ती गुळगुळीत डांबरी पट्टी पुढे कुरणांत शिरते. कुरणांत शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाई चरत असतात. मधूनच एखादे जुने घर लागते. त्याच्यापुढे लांबलचक ओटा, भिंतीवर गावाचे नाव. हे घर कोणाचे, असा प्रश्न नवख्या माणसास पडतो. ते रेल्वेचे स्थानक होते, आणि तो ओटा म्हणजे फलाट.

या वाटेच्या सौम्यपणाचे रहस्य त्यातच आहे. भरल्या डब्यांची माळ ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनास खडा चढ चढवत नाही. शंभर मीटर अंतरात मीटर-दोन मीटर उंची वाढली तरी ते धापा टाकू लागते. म्हणून रेल्वेच्या स्थापत्यविशारदांनी टेकड्या कापल्या, खळगे भरून काढले, ओढ्यांवर दगडी कमानी उभारल्या आणि वळणे लांबवून चढ पातळ केला. कुदळ-फावडे घेऊन राबलेल्या त्या मजुरांनी हे सारे इंजिनासाठी केले. त्यांच्या घामाचे फळ आज सायकलस्वाराच्या गुडघ्यांना मिळते.

फ्रान्समध्ये खेडोपाडी आगगाडी पोहोचली कशी, हेही सांगावयास हवे. १८७९ साली बांधकाम खात्याचे मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी एक विशाल योजना पुढे मांडली. आपल्याकडील तालुक्याच्या गावाशी ज्याची तुलना करता येईल अशा प्रत्येक गावाला रेल्वेने जोडावयाचे, असा तिचा संकल्प होता. तत्पूर्वीचे मार्ग आणि हे नवे फाटे मिळून देशभर रुळांचे दाट जाळे विणले गेले. बाजारहाट करणाऱ्या बाया, टपालाच्या थैल्या, दारूची पिंपे, बदलीवर निघालेला शिक्षक, सारे याच गाड्यांनी जात. १९१४ च्या ऑगस्टमध्ये सैन्यभरतीचा हुकूम सुटला, तेव्हा गावोगावचे तरुण असल्याच लहान फलाटांवर निरोप घेऊन गाडीत चढले. त्यांपैकी जे परतले नाहीत, त्यांची नावे गावच्या चौकातील स्मारकशिळेवर कोरलेली आहेत.

पुढे मोटारबस आली, मालमोटार आली. १९३८ साली सर्व मोठ्या रेल्वे कंपन्यांचे एकत्रीकरण झाले आणि तोट्यात चालणाऱ्या फाट्यांवर कुऱ्हाड कोसळू लागली. महायुद्धानंतर ती पुन्हा पुन्हा कोसळली. प्रथम उतारूंची गाडी बंद होई, मग काही वर्षे मालगाडी रखडत येई, आणि अखेर रूळ उखडून भंगारात जात. ज्याच्या घरी मोटार नाही अशा वृद्ध माणसाचे जग एका वेळापत्रकाच्या कागदानिशी आक्रसले. पर्यटकांसाठी छापलेल्या रंगीत पत्रकांत या वाटांवरील शांततेचे रसभरित वर्णन असते. ती शांतता एका गाडीच्या मुकेपणातून जन्मली, एवढे मात्र त्यांत नसते. म्हणूनच काही ठिकाणी हिरवी वाट करण्याचा प्रस्ताव निघाला की गावकरी विचारतात: वाट कशाला, आमची गाडीच परत का आणीत नाही? हा प्रश्न हट्टाचा म्हणून सोडून देण्यासारखा नव्हे.

तथापि निवांतपणे सायकल चालविण्याचे वेड हिरव्या वाटांच्या पुष्कळ आधीचे. त्याचे आद्य उपाध्याय पोल द विव्ही. १८५३ साली जन्मलेले हे गृहस्थ सेंत-एत्येन शहरात रेशमाचा व्यापार करीत. १८८७ साली त्यांनी सायकलीला वाहिलेले नियतकालिक काढले, पुढे व्यापारही सोडला आणि ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते साऱ्या देशास परिचित झाले. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, आणि मिरविण्यासाठी कधीही पायडल मारू नये, अशा अर्थाचा उपदेश ते करीत. चढ आणि सपाटी यांसाठी निरनिराळे गिअर असावेत, हा त्यांचा आग्रह. शर्यतीच्या चालकांना मात्र ते दुबळ्यांचे लाड वाटत. गिअर बदलणाऱ्या यंत्रणेस तूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत मोकळीक मिळाली नाही. तोवर व्हेलोसिओ हयात नव्हते. हजारो मैल डोंगररस्ते तुडविणारा हा माणूस १९३० साली आपल्याच शहरात ट्रामच्या धक्क्याने मरण पावला.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९३६ साली, फ्रान्सच्या कामगारास कायद्याने वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ज्यांनी जन्मात कारखान्याच्या धुराड्याखेरीज क्षितिज पाहिले नव्हते, अशी माणसे त्या उन्हाळ्यात समुद्रकाठाकडे निघाली. कोणी सवलतीच्या तिकिटाने आगगाडीत बसले, तर पुष्कळ जण सायकलीने, आणि नवविवाहित जोडपी दोघांच्या सायकलीने. त्या उन्हाळ्याची छायाचित्रे पाहावीत. मागे तंबूचे गाठोडे, पुढे टोपली, आणि चेहऱ्यावर पगार न कापला जाता मिळालेल्या सुटीचा आनंद! धनिकांच्या विरंगुळ्याची वस्तू म्हणून जन्मलेली सायकल तोवर गरिबाघरची झाली होती.

रेल्वेप्रमाणेच कालव्यांनीही सायकलीला वाट दिली आहे. दक्षिणेत तुलूझपासून भूमध्य सागराजवळच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटर लांबीचा मिदी कालवा आहे. मिठावरील कराची वसुली करणाऱ्या प्येर-पोल रिके यांनी चौदाव्या लुईच्या अनुज्ञेने १६६६ साली तो हाती घेतला. १६८१ साली कालवा खुला झाला. रिके आदल्याच वर्षी निवर्तले होते. नौका ओढणारे घोडे ज्या काठाने चालत, त्याच काठाने आज सायकली जातात. मात्र तुलूझजवळचा भाग सोडला तर पुष्कळ ठिकाणी ही वाट मातीची व मुळांनी उंचावलेली आहे. बारीक टायरच्या सायकलीने तेथे जाणाऱ्यास पश्चात्ताप होतो. शिवाय काठावरील चिनार वृक्षांना बुरशीचा असाध्य रोग जडला आहे. २००६ साली तो कालव्यावर आढळला. तेव्हापासून हजारो वृक्ष तोडून जाळावे लागले. नवी रोपे लावली जात आहेत. पण ज्या सावलीसाठी लोक येत, ती काही ठिकाणी एका पिढीपुरती तरी गेली.

वेगाने जाऊ इच्छिणाऱ्या धट्ट्याकट्ट्या सायकलस्वारास हिरवी वाट लवकरच कंटाळवाणी वाटते. सरळ रेषा, एकसारखा चढ, त्यात रविवारी मुले, कुत्री आणि बाबागाड्या यांची दाटी. त्याच्यासाठी गावागावांना जोडणारे साधे रस्ते आहेत. फ्रान्समधील रस्त्यांची एकूण लांबी दहा लाख किलोमीटरांहून अधिक आहे, आणि मोटारींचा लोंढा त्यातील थोड्याच रस्त्यांवरून वाहतो. उरलेल्यांवर तासभरात एखादा ट्रॅक्टर भेटला तर भेटला. गावाबाहेर सायकलस्वारास ओलांडताना मोटारचालकाने दीड मीटर अंतर राखले पाहिजे, असा तेथे नियम आहे.

नैर्ऋत्येस आर्मान्याक भागात अशाच एका शांत रस्त्यालगत शेतांमध्ये एक प्राचीन प्रार्थनामंदिर आहे. धर्मगुरू जोझेफ मासी यांच्या खटपटीमुळे १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांच्या संमतीने ते सायकलस्वारांची माता म्हणून पवित्र मरियेला अर्पण करण्यात आले. भिंतींवर नामवंत शर्यतपटूंनी वाहिलेले शेकडो सदरे टांगलेले आहेत. विजयाचे चिन्ह घरी न ठेवता मातेच्या चरणी ठेवावे, ही भावना आपल्याकडील भाविकास निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

जिव्रीहून येणारी वाट प्रथम तेझे गावाच्या पायथ्यावरून जाते. टेकडीवर निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या बंधूंचा मठ आहे, आणि सुटीच्या दिवसांत पाठीवर पिशव्या घेतलेले तरुणांचे थवे तेथे येत असतात. मग येते क्लूनी. ९१० साली स्थापन झालेल्या येथील मठाचे मंदिर रोमचे सेंट पीटर उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगतात सर्वांत मोठे होते. राज्यक्रांतीनंतर ते विकले गेले आणि दगडांची खाण म्हणून वापरले गेले. आज त्याचा अल्पसा भाग उभा आहे. गावच्या परिसरातून १९८१ पासून पॅरिस ते लियों ही अतिवेगवान गाडी धावते. ती क्लूनीस थांबत नाही. जी थांबत असे, तिचे रूळ नाहीत.

क्लूनीच्या पुढे माकोंच्या दिशेने ब्वा-क्लेर येथे सुमारे १६०० मीटर लांबीचा जुना रेल्वे बोगदा लागतो. आत दिवे आहेत, आणि भर उन्हाळ्यातही अंगात सदऱ्यावर काही घालावे असा गारठा असतो. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण आत वटवाघळे निद्रिस्त असतात व त्यांना जागविणे योग्य नव्हे. त्या दिवसांत सायकलस्वारास बोगद्यावरची टेकडी चढूनच पलीकडे जावे लागते.