वृद्धांना येणारी क्षणिक मूर्च्छा



गुणी विद्यार्थ्यांचा गौरव नुकताच झाला असता मूर्च्छेचा विषय काढणे फारसे औचित्याचे नव्हे, हे मी जाणतो. परंतु वैद्यकीचा व्यवसाय करीत असताही माझ्याच घरी जी चूक झाली, ती आपल्या घरी होऊ नये, म्हणून हे धाडस.

माझे थोरले काका पाटावर पूजेस बसले असता दोन वेळा बेशुद्ध पडले. अर्ध्या मिनिटात सावधही झाले. घरच्यांनी पित्तावर खापर फोडले आणि मीही नाडी न पाहता दुजोरा दिला. तिसऱ्या खेपेस खुब्याचे हाड मोडले, तेव्हा कार्डिओग्राम काढला. नाडी मिनिटास अवघी 34! हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विद्युत्‌संदेश खाली पोहोचतच नव्हता. पेसमेकर बसविल्यावर मूर्च्छा थांबली. चालणे मात्र पूर्ववत झाले नाही.

सर्वच मूर्च्छा अशा नसतात. उभे राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे ओढले जाते. तारुण्यात रक्तवाहिन्या तत्काळ आकसून तोल सावरतात. वार्धक्यात ती तत्परता मंदावते. त्यात रक्तदाबाची, लघवी वाढविणारी अथवा प्रोस्टेटची गोळी, आणि वर निर्जळी एकादशी! रात्री लघवीस उठून पडणारे पुष्कळसे याच वर्गातले. निजवून आणि नंतर तीन मिनिटे उभे करून रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 ने उतरला, की कारण हाती लागते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

बसल्या जागी, निजलेले असता किंवा जिना चढताना शुद्ध गेली, तर प्रथम हृदयाचाच संशय घ्यावा आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. जीभ चावली गेली, नंतर बराच वेळ भ्रम राहिला, तर अपस्माराचा विचार करावा लागतो. हे रुग्णास सांगता येत नाही. पाहणाऱ्यानेच सांगावयाचे असते.

पडलेल्यास उठवून बसवू नये. आडवेच ठेवून पाय उंच करावे, तोंडात पाणी घालू नये. आमच्या घरी त्या वेळी कांदा शोधण्यात सारे गुंतले होते. तेवढ्या अवधीत कोणी मनगटावर बोटे ठेवली असती, तर काकांचा खुबा वाचला असता.

चहाच्या वेळी मी रक्तदाबाचे यंत्र घेऊन व्यासपीठाच्या उजवीकडे बसणार आहे. वडीलधाऱ्या मंडळींनी आपापल्या गोळ्यांसह अवश्य यावे.