काट्यावरची स्पर्धा

वजन घटवण्याची स्पर्धा दाखवणारा ‘द बिगेस्ट लूझर’ हा कार्यक्रम अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झाला. त्याची हिंदी आवृत्ती २००७ मध्ये आली. आठवड्यागणिक काटा झपाट्याने खाली येताना दिसतो, पण उतरलेले सगळे वजन चरबीचे नसते. शिरूर-दौंडच्या तालमींतल्या मल्लांना हे ठाऊक आहे: वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडले आणि घाम गाळला की काटा हलतो, पोटभर पाणी प्यायले की पुन्हा चढतो. प्रेक्षकाला हा फरक सांगितला जात नाही, आणि तेवढ्यापुरता हा खेळ अप्रामाणिकच.

आरोग्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. मूळ अमेरिकी कार्यक्रमातील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो वजन घटले होते, त्यातले ४१ किलो परत आले. विश्रांतीत शरीराने जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च होत होत्या. म्हणजे दोष स्पर्धकांच्या जिद्दीचा नव्हता.

वजन घटवण्यासाठी आठवड्याला अर्धा ते एक किलो ही सुरक्षित गती मानली जाते. रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर आहार घटवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे.