कोर्टाची नोटीस मोबाईलवर आली तर



बेलिफ समन्स घेऊन दारात येतो, सही नाहीतर अंगठा घेतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आता तसला कागद मोबाईलवरही येतो. त्याला ईमेल म्हणतात. ते एक पत्रच.

समजा, असं पत्र आलं. वर तीन सिंहांचं चित्र, खाली गोल शिक्का. मजकूर असा, की तुमच्यावर खटला भरला आहे, २४ तासांत उत्तर द्या, नाहीतर पकड वॉरंट निघेल. शेवटी लिहिलेलं, 'कागद पाहण्यासाठी इथे बोट लावा.' वाचून छातीत धस्स होतं. घरातही कुणाला सांगवत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो ना! ही भीती हेच भामट्याचं भांडवल.

तिथे बोट लावू नका. भामट्याला तुमच्या बँकेचा गुप्त आकडा हवा असतो. कधी तो फोनवर पोलिसाच्या वेषात दिसतो आणि म्हणतो, "तुम्हाला डिजिटल अटक झाली, खोलीबाहेर जायचं नाही, पैसे पाठवा." कायद्यात असली अटकच नाही. कोर्टही फोन करून पैसे मागत नाही.

मग असं प्रत्येक पत्र खोटंच का? कोणी म्हणतात, कोर्ट ईमेल पाठवतच नाही. तसं नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झाला. त्यात समन्स अशा मार्गाने पाठवायची सोय आहे. त्यावर कोर्टाच्या शिक्क्याचं चित्र किंवा डिजिटल सही असावी लागते. पण शिक्क्याचं चित्र चोरालाही काढता येतं!

म्हणून पत्र पुसून टाकू नका. पुन्हा सावकाश वाचा. कोर्ट कुठलं? तारीख कोणती? खटल्याचा नंबर काय? कोर्टातल्या खटल्याला १६ अक्षरं-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत तो एम एच या अक्षरांनी सुरू होतो. 'ईकोर्ट्स' ॲपमध्ये नंबर घातला, की खटला कुणाचा, पुढची तारीख कधी, ते दिसतं.

हे जमत नसेल तर नंबर वहीत उतरवा. आता तुम्हाला लिहिता येतं. वही घेऊन तालुक्याच्या कोर्टात जा आणि विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. खटला खरा निघाला तर वकील लागेल. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना, तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तो मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा.

आणि पैसे गेलेच असतील, तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकले नसतील, तर बँकेला ते अडवता येतात. फोन करताना पासबुक जवळ ठेवा. खात्याचा नंबर, रक्कम आणि वेळ सांगावी लागते.