थोरातांनी लिहून दिलं होतं
(गुरुकुंज मोझरी इथं तरुणांसमोर केलेलं भाषण)



१९६२च्या युद्धात तुकडोजी महाराज जवानांना धीर द्यायला सीमेवर गेले होते, हे मोझरीत नव्यानं सांगायला नको. मी त्याच्या तीन वर्षं आधीचं सांगतो.

लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात मूळचे कोल्हापूरकडच्या वडगावचे. सँडहर्स्टला शिकून ते १४व्या पंजाब रेजिमेंटमध्ये दाखल झाले. ब्रह्मदेशात मुसलमान, शीख, डोगरा जवानांना घेऊन जपान्यांशी लढले, डीएसओ मिळवला. १९४७ला त्यांची मूळ पलटण पाकिस्तानच्या वाट्याला गेली.

१९५३ साली कोरियात युद्धकैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओलीस धरलं. थोरात स्वतः त्या खवळलेल्या गर्दीत शिरले, बोलत राहिले आणि गोळी न झाडता मेजरला सोडवून आणलं. अशोक चक्र वर्ग २ मिळालं ते यासाठी.

पण मला ते आठवतात ते एका कागदामुळे. १९५७पासून पूर्व कमान त्यांच्याकडे होती. ऑक्टोबर १९५९मध्ये त्यांनी लेखी अहवाल दिला: नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, चीन चालून आला तर आहे त्या बळावर आपण टिकणार नाही. पुढच्या चौक्यांपर्यंत रस्ते नाहीत, रसद पोचणार नाही. लढायचं तर मागे, रस्ता असेल तिथं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ही उगाच घाबरवाघाबरवी ठरवली. थोरात गप्प बसले नाहीत. मार्च १९६०मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेऊन तेच पुन्हा मांडलं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही सर्व्हर कोसळतो, तेव्हा कुणीतरी सहा महिने आधी मेल टाकलेला सापडतोच!

आपली पोरं म्हणतात, 'अर्ज करून काय होते, आपलं ऐकते कोण?' अहो, थोरात तर आर्मी कमांडर होते. त्यांचंही ऐकलं नाही. सरसेनापती थिमय्यांनी आपल्यामागे त्यांचं नाव सुचवलं होतं, पद थापरांना मिळालं. १९६१ला थोरात निवृत्त झाले. कागद मात्र फायलीत राहिला, तारखेसकट.

२० ऑक्टोबर १९६२ला चीननं हल्ला केला. पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावलं, अहवाल पाहिला आणि विचारलं, हा मला का दाखवला नाही? थोरात म्हणाले, याचं उत्तर संरक्षणमंत्र्यांनी द्यायला हवं.