रक्तसंकलनाची नोकरी आणि सम्यक आजीविका

(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात झालेले भाषण)



 आम्ही म्हणजे आपल्याच वस्तीतले पाचजण, तीन मुले आणि दोन मुली. याच विहाराच्या अभ्यासिकेत बसून आम्ही बारावी केली, नंतर डी.एम.एल.टी. केले. आज आमचा पाचही जणांचा धंदा एकच आहे. लोकांच्या घरी जायचे, कारखान्यातल्या आरोग्य शिबिरात जायचे, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि ते लॅबला पोचवायचे. नोकरी कायम नाही. कधी तीन महिन्यांची ऑर्डर, कधी अकरा महिन्यांची, कधी घरामागे ठरलेले पैसे.

समितीने सांगितले, "मुलांना या लाइनची माहिती द्या." माहिती देतोच, पण गोड गोड बोलून तुमची फसवणूक करणार नाही.

आमचा दिवस पहाटे सुरू होतो. उपाशीपोटीची साखर तपासायची तर माणूस आठ ते बारा तास उपाशी हवा. म्हणून सगळ्यांना सकाळी सहा ते नऊ हीच वेळ पाहिजे असते. पहिली लोकल पकडायची, खांद्याला बॅग, बॅगेत बर्फाची थंड पाकिटे, नळ्या, सुया. तीन तासांत आठ-दहा घरे. कुठे लिफ्ट बंद, कुठे वॉचमन मागच्या जिन्याने पाठवतो. घरातली आजी म्हणते, "अरे, हे पोरगं काय रक्त काढणार?"

अशा वेळी आम्हाला जीवकाची गोष्ट आठवते. विनयपिटकात ती आहे. जीवक तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला आणि राजगृहाला परत निघाला. वाटेत साकेत नगरीत त्याची शिदोरी संपली. तिथे एका श्रेष्ठीच्या बायकोचे डोके सात वर्षे दुखत होते. तीही हेच म्हणाली, की मोठमोठे वैद्य थकले, हा तरुण काय करणार? जीवकाने निरोप पाठवला, आधी काही देऊ नका, बरे वाटले तर द्या. तिला त्याने बरे केले. म्हणजे बघा, जो पुढे भगवान बुद्धांचा वैद्य झाला, त्याची सुरुवातही फिरतीवर, अनोळखी दारात आणि रिकाम्या पिशवीनेच झाली. त्याच्यापाशी स्वतःचे होते ते फक्त शिक्षण.

आमचे आजचे सांगणे एवढेच आहे. ऑर्डर कंत्राटदाराची असते, ती संपते. हातातले कौशल्य, आपले कागद आणि आपले शरीर ही आपली मिळकत. ती सांभाळली तर तुकड्या-तुकड्यांच्या नोकरीतूनही आयुष्य उभे राहते. ती घालवली तर दहा वर्षे काम करूनही माणूस तिथल्या तिथेच राहतो.

आधी कौशल्य. शीर डोळ्यांनी कमी आणि बोटाने जास्त सापडते. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यायचे, फुंकर मारायची नाही. दोनदा सुई चुकली की हट्ट सोडून दुसऱ्याला बोलवायचे. नळ्यांचाही क्रम असतो. आधी फिकट निळी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळ्या नळीतले रसायन लाल नळीत गेले तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते, कॅल्शियम खोटेच घटलेले दिसते, आणि डॉक्टर त्या खोट्या आकड्यावर उपचार करतात. नळीवर नाव रुग्णासमोरच लिहायचे, जिन्यात उतरल्यावर नाही. चौथे शील खोटे बोलू नये असे सांगते. आमच्या धंद्यात खोटे तोंडाने बोलावे लागत नाही, घाई केली की नळीच खोटे बोलते.

दुसरे, कागद. कोर्सची फी भरण्याआधी त्या संस्थेला मान्यता आहे का ते बघा. गल्लीबोळातल्या सर्टिफिकेटवर आपल्या आयांचे दागिने गेलेले आम्ही पाहिले आहेत. प्रत्येक काम संपले की त्याच आठवड्यात अनुभवाचे पत्र मागून घ्या. वर्षभराने त्या ऑफिसात ओळखणारे कुणी उरत नाही. एक वही ठेवा. कुठे, किती दिवस, कसले काम, सगळे लिहा. पी.एफ. कापला जात असेल तर प्रत्येक नोकरीत जुनाच यू.ए.एन. नंबर द्या, नाहीतर पैसे दहा ठिकाणी अडकतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे, आणि मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यालाही एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. जीवकाने आधी काही मागितले नाही, ते त्याला शोभले. आपण मात्र कागद आधी मागायचा!

तिसरे, शरीर. हे सांगताना जरा जड जाते. आमच्यातल्या एका ताईला एका शिबिरात वापरलेली सुई टोचली. सुयांचा डबा काठोकाठ भरलेला होता, बदली डबा दिलेलाच नव्हता. लॅबवाले म्हणाले, तुम्ही कंत्राटदाराच्या. कंत्राटदार म्हणाला, तुम्ही तर रोजावर, आमचा काय संबंध? म्हणजे सुई टोचली त्या दिवशी ताई कुणाचीच नव्हती. आम्ही तिला रिक्षात घातले आणि सरकारी रुग्णालयात नेले. तिथे एच.आय.व्ही. होऊ नये म्हणून औषध सुरू झाले. ते होता होईल तो दोन तासांत आणि कसेही करून ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, आणि २८ दिवस घ्यावे लागते. मळमळ, चक्कर, बुडालेला रोज आणि घरी आईला काय सांगायचे हा प्रश्न. तीन महिन्यांनी तपासणीचा निकाल चांगला आला. त्या दिवशी ताई याच विहारात येऊन अर्धा तास नुसती बसली होती.

तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस झाल्याशिवाय कुणी सुईला हात लावायचा नाही. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचे नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात. तो डबा नसेल तर काम घ्यायचे नाही. या नियमापायी आमची दोन कामे गेली. गेली तर गेली.

आता एक कडू गोष्ट. एका घरी म्हाताऱ्या गृहस्थांनी हात पुढे करण्याआधी आमच्यातल्या एकाला आडनाव विचारले. ऐकल्यावर म्हणाले, "दुसऱ्याला पाठवा." तो भांडला नाही. फॉर्मवर 'नमुना दिला नाही' असे लिहून, वेळ टाकून पुढच्या घरी गेला. त्याला वाईट वाटले नाही असे नाही. पण आम्ही रोज जे हाताळतो ते काय सांगते? १९०१ मध्ये लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने रक्तगट शोधले. १९५२ मध्ये आपल्या मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ गट शोधला, त्याला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. रक्ताला गट असतात, जात नसते. नळीच्या झाकणाचा रंग तपासणीवरून ठरतो, आडनावावरून नाही.

मुलांनो, १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी सुट्टी आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा हे कायदे त्याच काळात झाले. दारोदार फिरणाऱ्या माणसापर्यंत असे संरक्षण अजून नीट पोचलेले नाही. ते पोचवायचे तर एकेकट्याने जमणार नाही. आम्ही पाचजण महिन्याला थोडे थोडे पैसे एका पेटीत टाकतो. ज्याची ऑर्डर संपली त्याला त्यातून महिनाभर आधार मिळतो, पुढे तो फेडतो. ताईच्या २८ दिवसांत त्याच पेटीने तिचे घर चालवले.

एकदा भगवान बुद्धांनी एका आजारी भिक्खूला स्वतः धुतले-पुसले आणि भिक्खूंना सांगितले, की रुग्णाची सेवा हीच माझी सेवा समजा. आमच्या कामाला कोणी हलके म्हणाले तर आम्हाला तो प्रसंग पुरतो. मात्र सेवा म्हणून कुणी फुकट राबवू लागले, तर तिथे सम्यक आजीविका संपते हेही ध्यानात ठेवा.

या लाइनमध्ये यायचे असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी अभ्यासिकेत यावे. आमचे कागद, आमची वही दाखवू, आणि आमच्या चुकाही सांगू. 

जयभीम! नमो बुद्धाय!