गाईचा चीक वासराला, आईचा चीक बाळाला



दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. १९९२ पासून ही प्रथा सुरू आहे. आपल्या कळवण तालुक्यात याच दिवसांत कामाची घाई असते. कनाशी, दळवटच्या पट्ट्यात भात-नागलीची लावणी, तर खालच्या भागात मक्याची निंदणी आणि लाल कांद्याची तयारी चालू असते. घरातील लेकुरवाळी बाईसुद्धा शेतावर असते. म्हणून हा विषय नुसता दवाखान्यात बोलून संपत नाही. तो बांधावर आणि चुलीपुढेही बोलला पाहिजे. विशेष म्हणजे तो पुरुषांनीही ऐकला पाहिजे. दूध आईच्या अंगात तयार होते हे खरे, पण ते बाळाला वेळेवर आणि पोटभर मिळू देणे हे साऱ्या घराच्या हातात असते.

चीक वाया घालवू नये

गाय व्याली की आपण काय करतो? वासरू पुसून कोरडे करतो आणि अर्ध्या-एक तासात त्याला चीक पाजतो. पहिल्या दिवशी वासराच्या वजनाच्या एक दशांश इतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे, हे गोपालन करणाऱ्याला सांगावे लागत नाही. वासराचे पोट भरून उरला, तरच घरात खरवस होतो.

मग आपल्याच घरात बाळ जन्मले की पहिले दोन-तीन दिवस आईचा चीक पिळून का टाकला जातो? ‘दूध पिवळे आहे, घट्ट आहे, बाळाला बाधेल’ असे सांगून त्याला मध, गुळाचे पाणी किंवा घुटी चाटवली जाते. काही ठिकाणी पाचवीपर्यंत बाळाला अंगावर घेत नाहीत. ही रीत आता सोडली पाहिजे.

वासराला गर्भात असताना रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ मिळतच नाहीत, म्हणून त्याचे जगणे चिकावर अवलंबून असते. माणसाच्या बाळाला त्यातली काही नाळेवाटे मिळतात. परंतु बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्याप्रमाणे जे संरक्षण लागते, ते चिकातूनच येते. चिकात ‘अ’ जीवनसत्त्वही भरपूर असते. चीक अगदी थोडा, चमचा-दोन चमचे येतो. पण पहिल्या दिवशी बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. त्याला तो पुरतो.

म्हणून जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पाजण्यास सुरुवात करावी. पोट फाडून बाळंतपण झाले असले तरी आई शुद्धीवर असेल तर लवकरात लवकर पाजता येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शेकडा ८८.६ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे मात्र शेकडा ४१.८ च होती. म्हणजे आपण दवाखान्यात पोहोचलो, पण पहिला तास हातचा गेला. बाळंतपणाला सोबत जाणाऱ्या सासूने किंवा आईने हे ध्यानात ठेवावे आणि परिचारिकेला तशी आठवण करून द्यावी.

सहा महिने फक्त आईचे दूध

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये. पाणी नको, घुटी नको, गाई-म्हशीचे दूधही नको. डॉक्टरांनी सांगितलेले औषध मात्र द्यावे.

एप्रिल-मेच्या उन्हात ‘बाळाला तहान लागत असेल’ असे वाटणे साहजिक आहे. परंतु आईच्या दुधात शेकडा ८७-८८ भाग पाणीच असते. ऊन जास्त असेल तर बाळाला जास्त वेळा पाजावे आणि पाणी आईने प्यावे. विहिरीचे किंवा टँकरचे पाणी बाळाच्या पोटात गेले की जुलाबाला वाट मिळते. बाटलीतून डब्याची भुकटी पाजताना हाच धोका दुप्पट होतो, कारण पाणी आणि बाटली दोन्ही स्वच्छ राहणे कठीण असते. त्यातून डबा पुरविण्यासाठी भुकटी कमी आणि पाणी जास्त घातले जाते. अशा दुधाच्या जाहिराती आणि फुकट नमुने यांवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार, जगात सर्वत्र योग्य प्रकारे स्तनपान झाले तर दरवर्षी पाच वर्षांखालील ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळू शकतात.

सहा महिने पुरे झाल्यावर मऊ भात-वरण, नागलीचे सत्त्व, कुस्करलेले केळे असे वरचे अन्न सुरू करावे. त्याबरोबर अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवावे.

आईलाही फायदा

बाळ ओढू लागले की आईची पिशवी आकुंचन पावते आणि रक्तस्राव कमी होतो. पुढील आयुष्यात स्तनाचा व बीजकोशाचा कर्करोग होण्याचा धोका घटतो. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे, त्याला दिवसा व रात्री फक्त अंगावरचेच दूध दिले जाते आणि पाळी परत आलेली नाही, या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर दिवस जाण्याची शक्यता फारच थोडी असते. यातील एकही गोष्ट बदलली की हे संरक्षण राहत नाही. तेव्हा आरोग्यसेविकेचा सल्ला वेळीच घ्यावा.

पाजण्याची बैठक

पुष्कळ बायका पाजताना पाठ, मान आणि खांदे दुखतात म्हणून कंटाळतात. बहुधा बैठक चुकलेली असते. पुढील बाबी सांभाळाव्यात.

१) आईने भिंतीला किंवा उशीला पाठ टेकून बसावे. मांडीवर घडी केलेली गोधडी ठेवून बाळाला स्तनाच्या उंचीवर आणावे. आईने बाळाकडे वाकू नये, बाळाला आपल्याकडे आणावे.

२) बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत असावी. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे.

३) बाळाने तोंड मोठे उघडले की मगच त्याला जवळ घ्यावे. नुसते बोंड तोंडात देऊ नये. बोंडाभोवतीचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला पाहिजे. बाळाची हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला की पकड बरोबर आहे असे समजावे.

४) रात्री कुशीवर झोपून पाजले तरी चालते. मात्र बाळाचे नाक मोकळे राहील याची काळजी घ्यावी. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण दूध तयार करणारा रस रात्री अधिक पाझरतो.

५) पोटावर टाके असतील तर बाळाला काखेखाली घेऊन, त्याचे पाय आईच्या पाठीकडे ठेवून पाजावे. टाक्यांवर भार येत नाही.

६) एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्यावी, मग दुसरी द्यावी. शेवटी येणारे दूध स्निग्ध असते आणि त्यानेच बाळाचे वजन वाढते.

दुखत असेल तर

*बोंडाला चिरा पडणे :* याचे मुख्य कारण चुकीची पकड हेच आहे. बाळाला ओढून काढू नये. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत घालून पकड सैल करावी आणि पुन्हा नीट लावावे. पाजून झाल्यावर दुधाचे शेवटचे थेंब बोंडावर लावून हवेवर वाळू द्यावेत. साबण लावू नये.

*स्तन दगडासारखे होणे :* तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरताना असे होते. पाजण्यापूर्वी कोमट पाण्याच्या फडक्याने शेकावे, थोडे दूध हाताने काढून मऊ करावे व बाळाला लावावे. नंतर थंड पाण्याची घडी ठेवावी. पाजणे थांबविले तर दुखणे वाढते.

*गाठ, लाली आणि ताप :* असे झाल्यास घरगुती लेप लावत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या काळातही पाजणे सोडू नये. गाईचा सड सुजला की आपण दूध तुंबू देत नाही, तसेच हे आहे.

दूध कमी पडते का?

‘मला दूधच नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करते आणि वजन वाढते आहे, तर दूध पुरते आहे. अंगणवाडीत वजन करून घ्यावे, नुसत्या रडण्यावरून ठरवू नये. बाळ जितके ओढेल तितके दूध बनते. वरचे दूध सुरू केले की ओढणे कमी होते आणि मग दूध खरोखरच आटते.

दुसरे कारण मनाचे आहे. गोठ्यात परका माणूस आला, आरडाओरडा झाला की गाय पान्हा चोरते, हे आपण रोज पाहतो. आईचेही तसेच आहे. घरात भांडण, टोमणे, ‘मुलगीच झाली’ अशी बोलणी आणि कामाची भीती असेल तर दूध असूनही पान्हा फुटत नाही. गाईशी आपण गोठ्यात हळू बोलतो, मग बाळंतिणीशी घरात का बोलू नये?

शेतीकामाच्या दिवसांत

आपल्या तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागण आणि मार्च-एप्रिलनंतर काढणी असते. पश्चिम भागातील अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात. बाळाचे अंगावरचे दूध तुटते ते अशाच वेळी. त्यासाठी पुढील गोष्टी करता येतील.

शक्य असेल तर पहिले सहा महिने आईला लांबच्या मजुरीला पाठवू नये. जावेच लागले तर बाळ बरोबर न्यावे आणि झाडाच्या दाट सावलीत झोळी बांधावी. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरी देऊन ठेवण्याची तरतूद आहे. कांदाकाढणीच्या टोळीनेही तसे ठरवावे. शेतमालकाने दर दोन-अडीच तासांनी पाजायला सुटी द्यावी. तेवढ्या वेळाची मजुरी कापू नये.

बाळ घरी ठेवावे लागल्यास आईने जाण्यापूर्वी दूध काढून ठेवावे. हात साबणाने धुवावेत. उकळत्या पाण्याने धुतलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढून झाकण लावावे व थंड जागी ठेवावे. उन्हाळ्यात ते तीन-चार तासांच्या आत संपवावे. ते उकळू नये. वाटी-चमच्याने पाजावे, बाटली वापरू नये.

अंगावर पाजणाऱ्या बाईने औषधफवारणी, औषध कालविणे आणि द्राक्षघड औषधात बुडविणे ही कामे करू नयेत. फवारलेल्या शेतातून आल्यावर अंघोळ करून, लुगडे बदलूनच बाळाला जवळ घ्यावे. मिशरी आणि तंबाखूही सोडावी, त्यातील विष दुधात उतरते.

बाळंतिणीचे ताट

पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोजच्यापेक्षा सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे तिला साधारण एका जेवणाइतके अधिक खायला हवे. सर्वांचे उरल्यावर जेवण्याची रीत इथे उपयोगाची नाही. यासाठी बाजारात जायला नको. आपल्याच नागलीच्या १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते. नागलीची भाकरी, कुळीथ-उडदाची डाळ, शेवग्याचा पाला, शेंगदाणे, खुरासणीची चटणी, मेथी-अळीवाचे लाडू आणि चालत असेल तर अंडे व मासळी द्यावी. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्याव्यात.

अनुसूचित क्षेत्रातील अंगणवाड्यांत डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत एक वेळचा चौरस आहार मिळतो. २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली. बाईने तो अंगणवाडीत बसूनच खावा. घरी आणला की तो वाटला जातो.

घराने काय करावे

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील बायकांनाच शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. बाळाला ऊब, अंगावरचे दूध आणि आजाराची वेळीच ओळख या साध्या गोष्टींचा त्यात समावेश होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्याच धर्तीवर आज आशाताई दवाखान्यातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला ओटीवरूनच परत पाठवू नये. पाजताना काय दुखते ते तिला दाखवावे. बाळ ओढेनासे झाले, अंग थंड पडले, ताप आला किंवा धाप लागली तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

नवऱ्याने पाणी भरावे, सरपण आणावे, थोरल्या मुलाला सांभाळावे. सासूने स्वयंपाक हाती घ्यावा. ही मदत म्हणजे उपकार नव्हे, पिकाला वेळेवर पाणी देण्यासारखे ते काम आहे.

हिरकणीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तान्ह्या बाळासाठी ती रायगडाचा कडा उतरली, असे सांगतात. आपण तिचे कौतुक करतो. पण आपल्या घरातील सुनेला बाळापर्यंत पोहोचण्यासाठी कडा उतरावा लागू नये, वाट मोकळी असावी, हे पाहणे आपले काम आहे. येत्या हंगामात मजुरीचा आणि कामाचा हिशेब मांडाल तेव्हा पाजणाऱ्या आईचा वेळ त्यात आधी धरा, एवढीच विनंती.