माझा पत्ता

"आपण राहता कुठे?" हा प्रश्न किती साधा! शाळेत नाव घातलेले पोरही त्याचे उत्तर धडाधडा देते. पण मी, एम. ए. झालेला आणि महाविद्यालयात मुलांना शब्दाची किंमत शिकवणारा माणूस, या प्रश्नाला कित्येक वर्षे सरळ उत्तर देत नव्हतो.

मी राहतो कुपवाडला. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. पाटीवर तीन नावे. पण सांगली म्हटली की तुम्हाला गणपती आठवतो, हळदीची पेठ आठवते, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी केलेला 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग आठवतो. मिरज म्हटली की तंबोरे, दवाखाने, रेल्वेचे जंक्शन. आणि कुपवाड म्हटले की? कारखाने, मालमोटारी आणि पाळी सुटल्यावर सायकलींची रांग! तिसऱ्या भावाच्या वाट्याला कष्टच आले म्हणा ना.

तेव्हा कोणी विचारले की मी म्हणायचो, "विश्रामबागला. म्हणजे, जरा पुढे." हे 'जरा पुढे' मी इतक्या हळू म्हणत असे की ऐकणाऱ्याला 'विश्रामबाग' तेवढे ऐकू यावे. एकदा घरी परत येताना पत्नी म्हणाली, "अहो, आपण काय चोरीचं घर घेतलंय का?" मी हसण्यावारी नेले. त्यात खोटे ते काय, असे मला मनापासून वाटत होते.

मग ऑगस्ट २०१९ उजाडला. कृष्णेचा तो पूर आमच्या भागातला कोणी विसरणार नाही. १९२९ साली बांधून झालेला आमचा आयर्विन पूल म्हणजे सांगलीकरांची पाणी मोजायची पट्टी. तिथे ४५ फुटांना धोका मानतात. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. म्हातारीकोतारी म्हणायची, यापुढे काय जाणार! त्या वर्षी ते ५७ फुटांच्याही वर गेले. कुपवाड उंचावर, म्हणून आम्ही कोरडे. गंमत अशी की, गावभर पाणीच पाणी आणि आमच्या नळाला मात्र थेंब नाही. शेजारच्या बोअरवर हंड्यांची रांग लागलेली.

त्या दिवशी दुपारी माझ्या एका सहकाऱ्याचा फोन आला. त्यांचे घर गावभागात, नदीच्या अंगाला. "सर, होडीतून बाहेर पडलोय. आई बरोबर आहे. तुमच्याकडे आलो तर—" मी म्हटले, "हे काय विचारणं झालं? या!" आणि फोन बंद पडला. वीज नव्हतीच; त्यांचा काय, माझाही फोन शेवटच्या घटकेला आला होता.

एक तास झाला. दीड झाला. पाऊस थांबत नव्हता. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे गृहस्थ माझा पत्ता काय समजून निघाले असतील? विश्रामबाग! मीच सांगितला होता, एकदा नव्हे, दहादा. ऐंशीच्या घरातल्या त्या आजी भर पावसात माझे घर शोधत होत्या, आणि ते घर तिथे नव्हतेच. छत्री घेऊन मी धावत सुटलो. सांगायला लाज वाटते, पण वाटेत पावसाने भिजलो त्याहून जास्त त्या विचाराने भिजलो.

कोपऱ्यावर पोचतो तोच समोरून एक मालाचा टेम्पो आला. चालकाशेजारी आजी, मांडीवर देवाचा डबा घट्ट धरलेला. मागे ताडपत्रीखाली आमचे सहकारी. चालक आमच्याच गल्लीतला. रोज सकाळी तो मला "नमस्कार मास्तर" म्हणायचा आणि मी नुसती मान हलवायचो. तो म्हणाला, "हे पाव्हणं विश्रामबागेत दारोदार तुमचं नाव इचारत हुतं. म्या म्हनलं, ते मास्तर हितलं न्हवंच, ते आमच्या कुपवाडचं. पाव्हणं काय ऐकंनात. म्हनलं, बसा तर खरं!"

पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत. संध्याकाळी त्याच्याच घरून दोन घागरी पाणी आले. आजींनी ऊन पाण्याने अंघोळ केली, देव मांडले आणि मग मला जवळ बोलावून एवढेच विचारले, "बाळ, तुझं घर तर चांगलं आहे रे. मग लपवलंस का?"

मला उत्तर सुचले नाही. तसे ते अजूनही सुचलेले नाही.

ती मायलेकरे नऊ दिवस राहिली. त्यानंतर टेम्पोवाल्याच्या नमस्काराला मी थांबून नमस्कार करू लागलो. त्याच्या थोरल्या मुलीला मराठीत कमी गुण पडत होते, हेही मला तेव्हाच कळले. तोवर मी तिच्या घरावरून रोज जात होतो.

परवा कॉलेजात नव्याने आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारले, "आपण कुठे असता, सर?"

"कुपवाडला."

"हां, म्हणजे विश्रामबागच्या पुढे!"

मी म्हटले, "नाही. विश्रामबाग आमच्या कुपवाडच्या अलीकडे."